कापड फाटण्याआधी बटण सुटलं पाहिजे: कव्हरला टिचबटणं कशी लावावीत

ट्रॅक्टरच्या सीट-डॅशबोर्डचं कव्हर, फवारणी पंपाची खोळ, उघड्यावर उभ्या असलेल्या मळणी यंत्राचं आच्छादन, वासराची हिवाळ्यातली झूल. हे सगळं शिवून घेणं अवघड नाही. घोडं अडतं ते बंद करण्यापाशी. सुतळीची गाठ पावसात फुगते आणि चिखलाच्या हाताने सुटत नाही. चेनमध्ये काळ्या मातीची धूळ भरते आणि एका हंगामात ती जागीच अडकून बसते. वेल्क्रोत कापसाचे तंतू आणि कुसळं रुतली की त्याची पकड गेलीच समजा. राहतं टिचबटण. त्याच्याबद्दल तक्रारी दोनच येतात: एक तर सुटत नाही, हिसका दिला की कापडाचा तुकडा घेऊन हातात येतं, नाहीतर इतकं सैल, की वावधान (वादळी वारा) आलं की कव्हर धुऱ्यापलीकडे.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. बटण किती घट्ट आहे हे सगळे पाहतात, ओढ त्याच्यावर कोणत्या बाजूने येणार हे कोणी पाहत नाही.

आडवी ओढ आणि सोलणारी ओढ

एका पट्टीवर दुसरी पट्टी ठेवून मधे टिच लावा आणि दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना ओढा. बटण हलणार नाही. नराचं (उंचवट्याच्या अर्ध्याचं) डोकं मादीच्या (वाटीसारख्या अर्ध्याच्या) भिंतीला टेकतं, आतल्या स्प्रिंगवर भारच येत नाही, सगळा ताण कापडावर जातो. आता त्याच दोन पट्ट्या नमस्काराला हात जोडतात तशा समोरासमोर जोडा आणि टोकं फाकवा. टिच चटकन उघडतं. टोपी एका बाजूने कलते, तिचा काठ तरफेसारखा काम करतो आणि नराचं डोकं एका कडेने स्प्रिंगमधून निसटतं. बटण तेच, कापड तेच, फक्त ओढीची दिशा बदलली.

सहज सुटणाऱ्या कव्हरची सगळी मांडणी एवढ्यावर उभी आहे. वाऱ्याची आणि कापडाच्या ताणाची ओढ बटणावर आडवी आली पाहिजे, आणि माणसाच्या हाताची ओढ सोलणारी. हे जमलं की मऊ बटणही वाऱ्यात टिकतं. जमलं नाही, तर कितीही महाग बटण आणा, उपयोग नाही.

याला जोडूनच ताकदीची उतरंड ठरवून घ्या. सगळ्यात मजबूत कापड, त्याखालोखाल बटणाची बसवणी, आणि सगळ्यात कमी नर-मादीची पकड. पकड २ किलोला सुटत असेल, तर बसवणीने निदान १० किलो ओढ झेलली पाहिजे. म्हणजे काहीही झालं तरी आधी टिच उघडेल, भोक फाटणार नाही.

बटण निवडताना

धातूच्या टिचचे चार तुकडे असतात: वरची टोपी, तिला आतून बसणारी मादी, समोरच्या कापडावरचा नर आणि नराच्या मागची नळी. टोपीचा दांडा कापडातून जाऊन मादीत फुलतो, नळी तशीच नरात फुलते. माप ‘लाइन’मध्ये सांगतात. ४० लाइन म्हणजे १ इंच, म्हणून २४ लाइनची टोपी सुमारे १५ मिलिमीटरची. कव्हरसाठी हेच माप घ्या. ब्लाउजची शिवून लावायची टिचबटणं इथे चालत नाहीत, दोऱ्यावर सगळा भार येतो.

दुकानात मादी उलटी करून आत पाहा. गोल कड्यासारखी तार दिसली तर ती घट्ट जातीची. दोन बाजूंना दोन तारा किंवा इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली तार दिसली तर ती मऊ जातीची. सहज सुटायला हवं असेल तर ही दुसरी घ्या. नागपूरला इतवारी बाजारात किंवा तालुक्याच्या गावी सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे दोन्ही जाती पाहायला मिळतात. नावाने मागण्यापेक्षा आत डोकावून निवडलेलं बरं.

खिशात लहान चुंबक ठेवा. चिकटलं तर लोखंडावर मुलामा आहे. खतं-औषधांच्या खोलीत असं बटण पावसाळाभरात गंजतं, आणि गंजलेलं टिच म्हणजे न सुटणारं टिच. चुंबक चिकटलं नाही तर पितळ असण्याची शक्यता जास्त. पितळ बाकी सगळीकडे उत्तम, गोठा सोडून. जनावरांच्या मुतातून सुटणाऱ्या अमोनियाने ताणाखालचं पितळ तडकतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या तबेल्यांजवळ साठवलेली पितळी काडतुसं ऐन पावसाळ्यात अशीच चिरायची, त्याचं कारण शेवटी घोड्यांच्या मुतात सापडलं. टिच बसवताना पितळी दांडा ठोकून फुलवलेला असतो, म्हणजे ताण त्यात आधीच आहे. म्हणून गोठ्यातल्या कव्हरला आणि झुलीला स्टेनलेस स्टील किंवा प्लॅस्टिक.

प्लॅस्टिकची टिचबटणं स्वस्त आणि मऊ. २० नंबरची टोपी सुमारे १२ मिलिमीटरची येते. पण उन्हात राहणाऱ्या कव्हरला रंगीत घेऊ नका, काळीच घ्या. काळ्या रंगातलं काजळ उन्हाचा मारा अडवतं. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांच्या घरात जातो, उन्हातलं काळं बटण त्याहून बरंच तापतं. तापलेलं प्लॅस्टिक मऊ पडतं, म्हणून तेच बटण पहाटे घट्ट आणि दुपारी ढिलं लागेल. चाचणी दुपारी घ्या.

आणखी एक जात आहे. ती तीन बाजूंनी कुलुपासारखी धरते आणि खूण केलेल्या चौथ्या बाजूने उचललं तरच सुटते. ट्रॉलीवरच्या कव्हरला किंवा बकऱ्या ओढतात अशा जागी ती कामाची, पण खुणेची बाजू नेहमी हाताकडे यायला हवी. उलटी बसली तर उघडणारा हैराण होतो.

किती बटणं, किती अंतरावर

उदाहरणाला ट्रॅक्टरच्या सीट-डॅशबोर्डचं कव्हर घेऊ. उघडणारा पल्ला २ मीटर लांब, १ मीटर रुंद. एक लांब कड कायमची शिवलेली, समोरची लांब कड टिचांची.

ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून लागला की दर चौरस मीटरला साधारण १२ किलो दाब येतो. पल्ला २ चौरस मीटरचा, म्हणजे २४ किलो. निम्मा शिवणीवर, निम्मा टिचांवर: १२ किलो. १५ सेंटिमीटर अंतराने २ मीटरमध्ये १४ टिचं बसतात, म्हणजे एकेकावर किलोपेक्षा कमी. २ किलोला सुटणारं बटण इथे पुरतं, आडवी ओढ साधली असेल तर आरामात.

वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १०० च्या वावधानात त्याच पल्ल्यावर ९६ किलो येतील, टिचांच्या वाट्याला ४८, एकेकाला ३ किलोंहून जास्त. तेव्हा ती उघडणार, आणि उघडलेली बरी. अशा वेळी कव्हर धरून ठेवायचं काम टिचाचं नाही, पट्ट्याचं आहे. म्हणून खालून जाणारे २ पट्टे द्या, बॅगेला असतं तसं दाबून सुटणारं क्लिप लावून. झाकायचं काम टिचाचं, बांधायचं काम पट्ट्याचं. दोन्ही एकाच्या गळ्यात मारलं की दोन्ही बिघडतात.

अंतर २० सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका. मधल्या जागेत कापड फुगा धरतं, वारा आत शिरतो, आणि मग ओढ आडवी न राहता सोलणारी होते. एक टिच गेलं की शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, उसवल्यासारखी सगळी ओळ जाते. दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांवर अंतर १० सेंटिमीटर ठेवा, सुरुवात नेहमी तिथूनच होते.

या कव्हरला लागणारं सामान: टिचांचे ३० संच (१४ लावायला, १० चाचणीला, बाकी वाया जातात म्हणून), २५ मिलिमीटर रुंदीची नायलॉनची नवार ८ मीटर, क्लिपं २, पॉलिस्टरचा जाड दोरा, सायकलची जुनी ट्यूब एक. सुती दोरा नको, दोन पावसाळ्यांत कुजतो.

कड तयार करणं

टिच एकेरी कापडात कधीच लावायचं नाही. दोन्ही कडांना आतून नवार शिवा, म्हणजे टिच कापड, नवार आणि दुमड अशा तीन थरांत बसेल. नवारीमुळे वाऱ्याचा भार एका टिचावर न येता ओळभर वाटला जातो. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्याने ताडपत्रीला भोकांची रांग पडते आणि पुढे ती त्याच रांगेवर फाटते.

वरचा पल्ला खालच्या कापडावर ७ सेंटिमीटर तरी चढला पाहिजे, कौलावर कौल चढतं तसा, वरचा खालच्यावर. टिचाचा मध्य पल्ल्याच्या काठापासून अडीच सेंटिमीटर आत. मादी पल्ल्याला लावायची आणि नर खालच्या कापडाला. कारण मादी म्हणजे वाटी: पल्ल्यात लावली तर तिचं तोंड खाली राहतं आणि धूळ साचत नाही. उलट केलं तर पल्ला उघडा असताना मादी आकाशाकडे तोंड करून बसते, मातीने भरते आणि नर अर्धाच शिरतो. ही चूक फार ठिकाणी दिसते, कारण शिवणाऱ्याला काय, दोन्ही सारखंच.

आता हाताची सोय. उघडायच्या कोपऱ्यावर आणि ओळीच्या मध्यावर नवारीची जीभ शिवा. १२ सेंटिमीटरचा तुकडा दुमडून ६ चा करा, ३ सेंटिमीटर पल्ल्याच्या आत शिवा, ३ बाहेर मोकळा. जीभ नेमकी टिचाच्या रेषेत यायला हवी. दोन टिचांच्या मधे लावली तर ओढ दोघांत वाटली जाते आणि दुप्पट जोर लागतो. बाहेरचा भाग मऊ राहू द्या, त्यात पुठ्ठा-प्लॅस्टिक घालू नका. कडक जीभ वाऱ्यात फडफडून स्वतःच टिच सोलते. तेलकट किंवा चिखलाच्या हाताला जीभ सटकत असेल तर तिच्या टोकाला दोऱ्याची गाठ द्या, बोट अडकतं.

बसवणं

कव्हर सुती कॅनव्हासचं असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. कोरं कॅनव्हास पहिल्या पावसात आटतं. २ मीटरच्या कडेवर ५ सेंटिमीटर जरी आटलं तरी शेवटची टिचं समोरासमोर येत नाहीत. ताडपत्रीला ही भानगड नाही. आटून झालेल्या कापडालाही दर मीटरला १ सेंटिमीटर ढील द्या. ताणून लावलेलं कव्हर दिसायला छान, पण त्यात प्रत्येक टिच कायम ओढलेलं राहतं.

आधी सगळे नर बसवून घ्या. मग कव्हर यंत्रावर चढवा, नराच्या डोक्याला ओला खडू लावा आणि पल्ला जसा बसणार तसा वरून दाबा. जिथे ठिपका उमटेल तिथे मादी. दोन्ही बाजू टेपने वेगवेगळ्या मोजून खुणा केल्या तर चौदातली चार तरी हटकून चुकतात, कारण वळणावरून जाताना वरचं कापड जास्त लागतं.

भोक दांड्यापेक्षा बारीक हवं. दांडा ४ मिलिमीटरचा असेल तर भोक ३ चं. कॅनव्हास आणि नवार आरीने टोचा, कापू नका. टोचल्याने धागे बाजूला सरकतात आणि दांड्याभोवती पुन्हा आवळतात. विणलेल्या ताडपत्रीला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा, कडा वितळून चिकटतात आणि धागे सुटत नाहीत. खिळा लाल करायची गरज नाही, नुसता चांगला तापला तरी पुरे. लाल खिळ्याने भोक दुप्पट मोठं होतं. रबरासारख्या जाड पीव्हीसी कापडाला मात्र पंचच लागतो.

ट्यूबची रुपयाच्या नाण्याएवढी चकती कापून ती कापड आणि नळीच्या मधे ठेवा. तिने भार पसरतो आणि पाणीही अडतं.

दांडा सगळ्या थरांतून आणि चकतीतून निघाल्यावर २ ते ३ मिलिमीटर वर दिसला पाहिजे. याहून कमी असेल तर फुलायला धातूच उरत नाही, दोन आठवड्यांत टिच निखळतं. जास्त असेल तर फुलण्याऐवजी आडवा वाकतो. वाकलेल्या दांड्याचं टिच वाकडं बसतं आणि एका बाजूने घट्ट, दुसरीने ढिलं लागतं. थर जाड होत असतील तर लांब दांड्याची टोपी मागा. हातोडीचा जोर वाढवून हे सुधरत नाही.

टिच ठोकून बसवायचा साचा दगडावर नको, लोखंडाच्या सपाट तुकड्यावर ठेवा. एक जोराचा घाव घालण्यापेक्षा चार-पाच मध्यम घाव बरे, दर घावानंतर साचा थोडा फिरवून. झालं की टिच चिमटीत धरून फिरवून पाहा. फिरलं तर अजून एक-दोन घाव हवेत. कापड चकतीभोवती चुरगळलं आणि आत गेलं तर घाव जास्त झालेत. तिथे कापड अर्धं कापलं गेलंय, ते टिच काढून शेजारी नवं लावा. दाबाचं हातमशीन मिळालं तर हे सगळं सोपं होतं, पण पाच-पंचवीस टिचांसाठी हातोडी पुरते.

तपासणी: पिशवी आणि पाणी

कव्हरवर टिच लावण्याआधी त्याच कापडाच्या, त्याच थरांच्या तुकड्यावर १० टिचं बसवा. तुकडा आढ्याला असा टांगा की टिच नमस्काराच्या पद्धतीने सोललं जाईल, खालच्या टोकाला पिशवी अडकवा आणि तिच्यात हळूहळू पाणी ओता. १ लिटर म्हणजे १ किलो, पिशवीचं वजन धरून. कोपऱ्याच्या टिचांना १ ते दीड किलोला सुटणारं बटण योग्य. ३ किलोंच्या पुढे गेलं तर म्हातारं माणूस किंवा पोरगं एका हाताने उघडू शकणार नाही.

मग तेच टिच ५० वेळा उघडा-लावा आणि पुन्हा मोजा. नवं बटण थोडं घट्ट असतं, ५० वेळांनंतरचा आकडा खरा. पहिल्याच दिवशी बरोबर वाटलेलं बटण महिनाभरात ढिलं लागतं, ते यामुळेच. दहांतली दोन-तीन टिचं बाकीच्यांपेक्षा खूप वेगळी निघाली तर ती पुडी परत करा. वेगवेगळ्या पुड्यांतले नर आणि मादी एकत्र करू नका. वरून सारखी दिसतात, पण डोक्याच्या मापात बारीक फरक असतो.

झुलीची गोष्ट वेगळी

कव्हरमध्ये बटण सुटलं नाही तर कापड फाटेल. झुलीत बटण सुटलं नाही तर जनावर गुदमरेल. बारदान्याची किंवा कॅनव्हासची झूल खुंट्याला, काटेरी तारेला अडकते, वासरू घाबरून मागे हटतं आणि छातीचा पट्टा गळ्याकडे सरकतो. इथे गाठ नको आणि बकल तर नकोच. छातीच्या पट्ट्याची टोकं एकावर एक ठेवून टिच लावलं, तर ओढ आडवी येते आणि पट्टा सुटतच नाही. म्हणून ही टोकं नमस्काराच्या पद्धतीने जोडा, एकच टिच, प्लॅस्टिकचं. पिशवीच्या चाचणीत २ ते ३ किलोला सुटलं पाहिजे. झूल रोज खाली पडलेली सापडत असेल तर टिच वाढवू नका, झुलीचं माप मोठं करा. ती आखूड असल्यानेच पट्टा ओढला जातोय.

पुढची देखभाल

टिच अडायला लागलं की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. तेलाने दोन दिवस बरं चालतं, मग काळी माती त्याला धरते आणि खलबत्त्यासारखं घासत राहते. त्याऐवजी जुन्या दात घासायच्या ब्रशने मादी साफ करा आणि नराच्या डोक्यावर मेणबत्ती दोनदा फिरवा. पेरणीआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा, एवढं पुरतं.

धातूचं टिच ढिलं झालं तर नराच्या डोक्यावर साच्याशिवाय, हलक्या हाताने हातोडीचा एक टोला द्या. डोकं किंचित पसरतं आणि पकड परत येते. दोन टोले दिले तर मादीत शिरणारच नाही. प्लॅस्टिकच्या ढिल्या टिचाला उपाय नाही, बदलाच. ओळीतलं एकच टिच सतत सुटत असेल तर दोष बहुधा बटणात नसतो. कव्हर चढवून तिथला ताण पाहा: सायलेन्सरचा कोपरा, आरशाची दांडी, असं काहीतरी आतून कापड उचलत असतं. तिथे एक चुणी सोडा किंवा टिच ३ सेंटिमीटर सरकवा.

आणि सायलेन्सर गार झाल्याशिवाय कव्हर टाकू नका. ताडपत्री आधी त्याला चिकटते, मग वितळते. सोलर पंपाच्या कंट्रोलरच्या पेटीलाही असलं कव्हर घालू नका. तिला वारा लागला नाही तर ती तापून बंद पडते. तिच्यावर पत्र्याची सावली करा, चारी बाजू मोकळ्या ठेवून.